महादेव कोरे आणि न उघडणारी पानं

समोरचा माणूस बोलायला लागला की महादेव कोरे मोबाईलमधलं सेकंदांचं घड्याळ चालू करून टेबलावर ठेवायचा. अगदी तुमच्या डोळ्यांसमोर. आकडे पळत राहायचे आणि हा बाबा तुमच्या तोंडाकडे न बघता त्या आकड्यांकडे बघत बसायचा. तुमचं संपलं की बोट टेकवून घड्याळ थांबवायचा आणि निकाल द्यायचा. मला पहिल्या भेटीत मिळालेला निकाल असा होता : "चार मिनिटं वीस सेकंद बोललाव. त्यातलं कामाचं वाक्य एकच. साईट हळू चालती. बाकीचं समदं रडगाणं."

मला हा माणूस आवडला नाही. आजही आवडत नाही. माणसाबद्दल लिहायला बसलं की आधी त्याचे चार गुण सांगावेत अशी रीत आहे, पण माझ्याच्यानं ते होणार नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. मनात कधी केलं नाही आणि इथंही करणार नाही.

मी भूमचा. बसस्टँडच्या मागं माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आमच्या समाजाचं जिल्ह्याचं वधू-वर मंडळ पूर्वी वर्षातून एकदा स्थळांचं पुस्तक छापायचं. त्याची वेबसाईट करायची ठरली तेव्हा ती मी बांधली. कुठल्या कॉलेजात शिकलो नव्हतो. व्हिडिओ बघून, चुकत-माकत, वर्षभर खपून बांधली. मंडळाच्या खिशाला परवडावी म्हणून शेअर्ड होस्टिंगवर ठेवली, म्हणजे कंपनीच्या एकाच मोठ्या संगणकावर शेकडो साईट दाटीवाटीनं राहतात तिथं. आणि दोन वर्षांपूर्वी मी तिच्यात गुणमेलन घातलं. तुम्ही आपलं नाव टाकून आत गेलात की प्रत्येक स्थळापुढं छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते आपोआप दिसायचं. लोक हरखून गेले. लग्नाकार्यात मला "वेबसाईटवाले आले, वेबसाईटवाले आले" म्हणून पुढच्या रांगेत बसवायला लागले. झेरॉक्सवाल्याला पुढच्या रांगेत कोण बसवतं?

मग साईट रेंगाळायला लागली. पोरींचे बाप दुकानात फोन करायचे. एकानं तर सुनावलंच, "अहो, पोरीचं पान उघडेस्तोवर पोरगी म्हातारी व्हायची." मी कंपनीला पत्रामागून पत्रं धाडली. त्यातली दोन तर शिव्यांना इस्त्री करून पाठवलेली होती. कंपनीचं एकच उत्तर : तुमची साईट मर्यादेबाहेर काम करते. मी मंडळाला सांगितलं की कंपनी चोर आहे, स्वतंत्र सर्व्हर घ्या. मंडळाचे सचिव अंबादासराव हे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुळशीच्या लग्नापर्यंत सुधारा. नाहीतर साईट पुण्याच्या लोकांना देऊ. आणि त्याआधी अणदूरच्या कोरेला एकदा दाखवा."

भूमहून अणदूर म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठणं. तीन एसट्या बदलून पोहोचलो. कोरेच्या दुकानाला पाटी नव्हती. "ज्याला काम हाय त्याला सापडतंय," असं तो म्हणायचा. बारा वर्षं पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या एका कंपनीत काढली होती त्यानं. धाकट्या बहिणीचा नवरा गेला, ती माहेरी आली, तसा हाही नोकरी सोडून गावी आला आणि इथूनच लोकांच्या साईट दुरुस्त करायला लागला. पुण्यात राहून त्याची भाषा सुधारली नव्हती आणि वागणूक तर त्याहून नाही.

माझं बोलणं घड्याळात मोजून झाल्यावर त्यानं माझा नवा मोबाईल बाजूला सारला आणि काच तडकलेला एक जुना फोन हातात दिला. "ह्याच्यावर उघडा. तुमचं गिऱ्हाईक काय तुमच्या दुकानातल्या वायफायवर बसलंय व्हय? ते बेंबळीच्या रानात बांधावर हुबं हाय." मी साईट उघडली. अकरा सेकंद लागले. "आता शेवटचं पान उघडा," तो म्हणाला. शेवटची पानं म्हणजे पुनर्विवाहाची स्थळं; ती यादीत सगळ्यात खाली. बराच वेळ गोल गोल फिरलं आणि पांढरा पडदा आला. मी म्हणालो, "तुमच्या गावात नेटवर्क नाही."

त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि वाचून दाखवला. "कृपया आपले नेटवर्क तपासावे. धन्यवाद." ते माझंच उत्तर होतं. शेवटची पानं उघडत नाहीत अशी तक्रार त्यानं मंडळाला तीनदा केली होती आणि तिन्ही वेळा मी हेच पाठवलं होतं. "धन्यवाद कशाचं?" त्यानं विचारलं. "नाचता यीना अंगण वाकडं. त्या पानावर माझी बहीण हाय. सुमन. दोन वर्षं झाली नाव घालून. एक फोन न्हाय."

इथं मी जे बोललो ते लिहायला मला लाज वाटते, पण बोललो हे खरं आहे. मी म्हणालो, "कोरे, पुनर्विवाहाच्या स्थळांना फोन कमीच येतात. त्यात साईटचा काय दोष?"

मी तोंड उघडताच त्यानं घड्याळ परत चालू केलं होतं. त्यानं ते थांबवलं. "आठ सेकंद," तो म्हणाला, "आणि कामाचं काईच न्हाय."

पुढचे पंधरा दिवस त्यानं मला छळलं. दुसरा शब्द नाही. फोन यायचा तो नेमका पहिला घास तोंडात असताना. "जेवायलाव का? जेवा, जेवा. तुमची साईट बी अकरा सेकंदापासून जेवायलीय." मी कधी म्हणालो की मला वाटतं फोटोंमुळं होत असेल, की तो ओरडायचा, "वाटतंय-बिटतंय घरी! आकडा सांगा." त्याची रीत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मोजायचं, मग दुसरी. मी घाई करून एकदा तीन गोष्टी एकदम बंद केल्या आणि साईट जरा चपळ झाली. वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. "शाणं हाव," तो म्हणाला. "आता कशानं फरक पडला ते कुणाला इचारू? खंडोबाला?" तिन्ही गोष्टी परत चालू करायला लावल्या आणि एकेक करून पुन्हा बंद करायला लावल्या.

फोटो खरंच दोषी निघाले. लोक स्टुडिओत काढलेले भलेमोठे फोटो जसेच्या तसे चढवत होते. ते लहान केल्यावर पहिलं पान अकरावरून सहा सेकंदांवर आलं. मी खुशीत अंबादासरावांना कळवूनही टाकलं. कोरेला कळल्यावर तो म्हणाला, "अंगणात पाणी मारलंय. आग आत हाय." मी पुन्हा स्वतंत्र सर्व्हरचं काढलं. त्यावर त्यानं मला सामाईक विहिरीची गोष्ट ऐकवली. "विहीर सगळ्या भावकीची. तुमच्या पाळीला अर्धा घंटा मोटर मिळती. तेवढ्यात तुमी समदं रान भिजवायला निघालाव, तर मोटर बंद पडणारच की. आता म्हणताव, मला येगळी विहीर पायजे. आधी पाणी कुठं मुरतंय ते बघा." इतकं बोलून फोन आपटायचा. माझ्याच साईटबद्दल मला दमदाटी करणारा हा कोण, असं म्हणत मी दुकानात येरझाऱ्या घालायचो. झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकांवर डाफरायचो. बायको म्हणाली, त्या कोरेचं वारं तुम्हालाही लागलं.

तुळशीच्या लग्नाला आठवडा राहिला असताना धाराशिवला मंडळाच्या खोलीत बैठक झाली. कापडाच्या एका दुकानाच्या वर मंडळाची खोली आहे. सातआठ सभासद होते, अंबादासराव होते, मी होतो. कोरे आला तो सरळ भिंतीकडं गेला आणि खिळ्यावरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली. खिशातून एक कागद काढला. साईट कुठल्या दिवशी किती सेकंदांत उघडली याची कंपनीकडची नोंद होती ती. तो तारखा वाचायला लागला आणि अंबादासरावांना म्हणाला, "सर, ज्या दिवशी साईट पळाली त्या दिवशी काय होतं ते तुमी वाचा."

अंबादासराव चष्मा लावून पानं उलटत गेले. "अमावास्या," ते म्हणाले. मग पुन्हा, "अमावास्या." मग, "हा सगळा पितृपंधरवडा." मग परत, "अमावास्या." आणि ज्या दिवशी साईट पार कोलमडली तो बहुतेक वेळा अमावास्येच्या नंतरचा दिवस. आमच्याकडं अमावास्येला कुणी स्थळ बघत नाही. तो दिवस गेला की सगळ्या जिल्ह्यातले बाप आणि मामे एकदमच मोबाईल हातात घेतात.

"आता ह्यांना इचारा," कोरे माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ते गुणमेलन कवा चढवलं."

"दोन वर्षांपूर्वी," मी म्हणालो. "भाद्रपदात."

"भाद्रपदात कवा?"

मी उत्तर द्यायच्या आत अंबादासरावांच्याच ध्यानात आलं. "पितृपंधरवड्यात? अहो, त्या पंधरा दिवसांत स्थळाचं नाव तरी कोण काढतं?"

"म्हणूनच," मी म्हणालो. "कुणी येत नाही तेव्हा निवांत काम होईल, असं वाटलं." आणि ते खरं होतं. मी ते काम पंधरा दिवस निवांत केलं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी पानं उघडून बघितली होती. सगळी उघडली होती, कारण सगळ्या साईटवर मी एकटाच होतो.

कोरेनं मग माझ्या अभिमानाची चिंधी चिंधी केली. साईट काय करत होती ते त्यानं सभासदांना सांगितलं. कुणीही एखादं पान उघडलं की यादीतल्या पहिल्या स्थळापासून त्या पानापर्यंत सगळ्यांचे गुण ती नव्यानं जुळवत बसायची. पहिल्या पानाला थोडे, दहाव्याला ढीगभर, शेवटच्या पानाला सगळ्या यादीचे. आपली माहिती बदलायचा फॉर्म तेवढा यादीपासून वेगळा होता, तो कायम उघडायचा. "पोरगी जल्मली तवा पत्रिका ठरली," कोरे म्हणाला. "गुण एकदा जुळले ते जुळले. रोज बदलतेत व्हय? ही साईट दर माणसापायी, दर बारीला, पयल्यापासून जुळवायलीय. एकदा काढा, लिवून ठेवा, विषय संपला. नवं स्थळ आलं तर त्याच्यापुरतं काढा." एक म्हातारे सभासद हसले. मला अजून ते हसू आठवतं आणि अजून राग येतो.

पण कोरे हसला नाही. तीस सेकंदांत काम उरकलं नाही तर कंपनीचा संगणक ते मधेच तोडतो, हे त्यानं सांगितलं. साईटवर गर्दी असली की शेवटच्या पानांना चाळीस, पन्नास सेकंद लागायचे. म्हणून पांढरा पडदा. "ज्या दिवशी ती पानं उघडायची त्या दिवशी स्थळ बघणारं कुणी न्हवतं," तो म्हणाला. "आन् ज्या दिवशी बघणारे होते, त्या दिवशी ती पानं उघडत न्हवती. त्रेचाळीस माणसं हायती त्या पानांवर. इधवा, इधूर, घटस्फोट झालेली. दोन वर्षं ती फोनची वाट बघायलीत."

त्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की साईट पुण्याला द्यावी हेच बरं. मी मान खाली घातली. कोरेला विचारलं गेलं की तुम्हीच का घेत नाही, आणि तुमचे किती द्यायचे. "मला नको," तो म्हणाला. "कुणालाबी द्या. पर पुण्याचा माणूस ह्या त्रेचाळीस घरांना फोन करणार न्हाय. ह्यांनी करायचा. काय झालं हुतं, कुणामुळं झालं हुतं, ते सांगायचं. बेचाळीस फोन, आन् त्रेचाळिसावं माझं घर. तिथं फोन चालणार न्हाय, यावं लागंल. हीच माझी मजुरी." आणि दिनदर्शिका परत खिळ्याला अडकवून जिना उतरून गेला.

अशा रीतीनं, ते फोन करायच्या अटीवर, साईट माझ्याकडं राहिली. भीक घातल्यासारखी. दुरुस्तीला त्यानं हात लावला नाही. "तुमी घातलंय, तुमीच काढा," म्हणाला. मला तीन दिवस लागले. गुण एकदाच काढून साठवून ठेवले आणि शेवटचं पान दोन सेकंदांच्या आत उघडायला लागलं. तुळशीची लग्नं लागली, साईटवर झुंबड उडाली आणि ती हलली नाही. लोकांनी माझं कौतुक केलं. त्याचा आनंद मला घेता आला नाही, तेवढंही त्या माणसानं शिल्लक ठेवलं नव्हतं.

फोन करायला मला महिना लागला. दिवसाला दोनपेक्षा जास्त जमायचे नाहीत. परांड्याच्या एका गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्या मुलानं मागच्या वर्षीच सांगितलं, आता नाव काढू नका. एका बाईंनी मला आईवरून शिव्या दिल्या. एकीच्या आईनं उलट माझंच सांत्वन केलं, "जाऊ द्या दादा, मशीन हाय, बिघडायचंच." मी म्हणालो, मशीन बिघडलं नव्हतं, मी चुकलो होतो. हे वाक्य विसाव्या फोनपर्यंतही सवयीचं झालं नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी हे फोन करायचो आणि प्रत्येक फोननंतर कोरेला मनातल्या मनात शिवी हासडायचो.

त्याची-माझी शेवटची भेट त्याच्या घरी झाली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो अजून अणदूरलाच आहे, मंडळाच्या कार्यक्रमात दिसला तर मी दुसरीकडं बघतो आणि तोही.

दार त्यानंच उघडलं. "या" म्हणाला नाही. आत खाटेवर त्याची बहीण सुमनताई कात्रीनं पुठ्ठ्याची पाखरं कापत बसली होती. ती गावच्या अंगणवाडीत शिकवते. पस्तिशीची असेल. कोरेनं तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मी यायचं आणि मीच सांगायचं, म्हणून त्यानं महिनाभर तोंड बंद ठेवलं होतं. तो उंबऱ्यात आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

मी उभ्या उभ्याच बोललो. "ताई, मी मंडळाची वेबसाईट बघतो. तुमचं पान दोन वर्षं उघडतच नव्हतं. चूक माझी होती."

"कुणालाच उघडत न्हवतं?"

"कुणालाच."

"म्हंजी बघून कुणी नको म्हणलंच न्हाय?"

"नाही. कुणी बघितलंच नव्हतं."

तिनं कात्री खाली ठेवली. रागावेल असं वाटलं होतं, रडेल असं वाटलं होतं. ती हिशेब लावल्यासारखी सावकाश बोलायला लागली. "म्या दोन वर्षात तीनदा फोटू बदलला. आधी वाटलं साडी बरी न्हाय. मग वाटलं कपाळ लई मोकळं दिसतंय, म्हणून टिकली लावून काढला. मग अपेक्षेचा रकाना हाय न्हवं, त्यातलं खोडत गेले. नोकरी असावी, हे खोडलं. वय खोडलं. माझी अंगणवाडी सोडाय लावू नये, असं लिवलं हुतं, ते बी खोडलं. शेवटी लिवलं, अपेक्षा काही नाही."

उंबऱ्यातल्या कोरेनं वळून बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं. सेकंद मोजणाऱ्या त्या माणसाच्या घरात, त्याच्या पाठीमागं, हे दोन वर्षं चाललं होतं. तो चौकटीला धरून उंबऱ्यातच खाली बसला. त्याची अशी अवस्था बघायला मिळावी म्हणून मी कितीतरी दिवस देवाला नवस बोललो होतो. बघितली, आणि मला काही गोड लागलं नाही.

"ते परत लिवता यील का?" सुमनताईनं मला विचारलं.

"येईल. आत्ता लिहू."

मी खाटेच्या कडेला बसलो, मोबाईलवर तिचं पान उघडलं आणि ती सांगेल तसं लिहीत गेलो. नोकरी किंवा स्वतःचा धंदा असावा. वय पंचेचाळीसच्या आत. अंगणवाडीचं काम सोडायला सांगू नये. मग थोडं थांबून तिनं आधी कधीच न लिहिलेली एक अपेक्षा सांगितली : पहिल्या नवऱ्याचं नाव घरात काढलं तर वाईट वाटून घेऊ नये. मी तेही लिहिलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं ओठ हलवत सगळं वाचलं. मग पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं.

"ही खालची ओळ राहिली की पुसायची," ती म्हणाली.

'अपेक्षा काही नाही.' मी ती पुसली.